विनोद दहाव्यांदा ऐकवायचा तर

अल्बम आल्यावर भेटेल त्याने एकच विचारलं : हा गाण्यांचा आहे की बोलण्याचा? ‘दोन्हींचा’ म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जरा काळजी दिसते. गाण्यांचा असता तर त्याने कामं उरकताना लावला असता, बोलण्याचा असता तर प्रवासात. दोन्ही असलं की नेमका कधी लावायचा हे कळत नाही. प्रश्न रास्त आहे. मला त्याचं उत्तर सापडायला अल्बम पुरा व्हावा लागला.

मी मूळची स्टँड-अप करणारी. माईक, स्टूल आणि पाण्याची बाटली एवढंच भांडवल. कार्यक्रमात अधूनमधून गिटार घेऊन दोन-तीन गाणी म्हणायचे. गळा बरा आहे, पण ‘बरा’च आहे, आणि लोक हसत असले की तो आणखी बरा वाटतो. या गाण्यांचं नीट रेकॉर्डिंग करू या, असं टुमणं माझ्या एका अरेंजर मित्राने, म्हणजे गाण्याला वाद्यांची साथ बांधून देणाऱ्याने, लावलं. त्याचं म्हणणं, गाणी ठेवू, मधलं बोलणं काढू. माझं म्हणणं, बोलणंच ठेवू, गाणी तोंडी लावायला. शेवटी सात गाणी आणि सहा बोलके तुकडे यावर तडजोड झाली. आपण जिंकलो असं त्याला अजून वाटतं, कारण सात हे सहापेक्षा जास्त असतात.

स्टेजवरच्या विनोदाला एक मोठी सवलत असते आणि आम्ही मंडळी ती फारशी बोलून दाखवत नाही. विनोद तोच, प्रेक्षक रोज नवे. एकच किस्सा वर्षभर सांगता येतो, कारण समोर बसलेल्यांसाठी तो पहिल्यांदाच घडत असतो. रेकॉर्डिंगमध्ये सगळं उलटं. ऐकणारा एकच, आणि तो तेच पुन्हा ऐकणार. गाण्याला याची भीती नसते. मुखडा ओळखीचा झाला की तो जास्त आवडतो, पुढची ओळ कुठली येणार हे माहीत असण्यातच सुख असतं. विनोदाची पुढची ओळ माहीत झाली की खेळ खलास. म्हणजे एकाच अल्बममध्ये मी अशा दोन गोष्टी घालणार होते, ज्यांतली एक वापरून मुरते आणि दुसरी वापरून झिजते. अरेंजरला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मग झिजणारी काढून टाक.’ आमच्या सैद्धांतिक चर्चा साधारण या उंचीवर चालायच्या.

पहिली परीक्षा झाली ती एका विरहगीताची. कार्यक्रमात ते हमखास चालायचं. सुरुवात अशी :

नाव तुझे मी लिहिले नाही कुठल्या वहीत, पानात,
कुणी न पाहावे म्हणून जपले मनातल्या मनात.

इथपर्यंत सभागृह गंभीर असतं. गिटार हळू, आवाज जरासा भरलेला. पुढे दुसरं कडवं येतं :

तुझ्यात होते थोरले अक्षर, आकडा एक, एक खूण,
तरीही सारे ‘दुबळा’ म्हणती, बदलले तुला म्हणून.

‘आकडा’वर चार-दोन जण हसतात, ‘दुबळा’वर उरलेले. गाणं पासवर्डला उद्देशून आहे. त्या एका क्षणासाठीच ते लिहिलं होतं आणि नंतरची कडवी मी रेटून नेत असे. गुपित फुटल्यावर त्यांत फारसं काही उरत नव्हतं. पण लोक आधीच्या हसण्याच्या लाटेवर असतात, त्यांच्या ते लक्षात येत नाही. स्टुडिओतला कच्चा टेक घरी ऐकला तेव्हा हे उघडं पडलं. पहिल्या वेळी ठीक. दुसऱ्या वेळी दुसऱ्या कडव्यानंतर माझा हात आपोआप पुढचा ट्रॅक लावायला गेला. गाणं माझं, आवाज माझा, आणि हातही माझाच.

मग मी ते गाणं उलट्या बाजूने लिहायला घेतलं. गुपित माहीत असलेल्या माणसाला पहिल्या ओळीपासून काय मिळेल? ‘कुठल्या वहीत लिहिले नाही’ ही ओळ आधी नुसती हळवी होती. पासवर्ड माहीत असला की ती सुरक्षेची सूचना होते. अशा दोन्हींकडे खऱ्या ठरणाऱ्या ओळी हव्या होत्या, फक्त फसवणाऱ्या नव्हेत. त्यातून हे कडवं आलं :

तीनदा आले दाराशी मी, तीनदा ‘नाही’ म्हटले,
चौथ्या खेपी दारच सगळे चोवीस तास मिटले.

शेवटी एक अंतरा असा घातला की प्रियकराचं दार उघडण्याआधी नायिकेला आईचं माहेरचं नाव आणि पहिल्या शाळेचं नाव विचारलं जातं, आणि ती लग्न ठरवायला आल्यासारखी एकेका प्रश्नाचं उत्तर देते. ‘पासवर्ड’ हा शब्द गाण्यात कुठेच नाही. यातून एक अडचण उभी राहिली, जी स्टेजवर कधी येत नाही. ट्रॅकचं नाव. ऐकणाऱ्याच्या पडद्यावर ते गाणं सुरू होण्याआधी दिसतं. कार्यक्रमात कुणी पाटी लावून विनोद सांगत नाही. अल्बममध्ये मात्र प्रत्येक विनोदाच्या डोक्यावर पाटी. बऱ्याच घोळानंतर नाव ठेवलं ‘चोवीस तास’. पुढे कळलं की काही जणांना ते बातम्यांचं विडंबन असेल असं वाटलं. वाटू दे.

यमकाबद्दल थोडं सांगते, कारण वेळ सगळ्यात जास्त तिथे गेला. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकट मिळतं. आला-गेला, म्हटले-मिटले, कितीही घ्या. फुकटच्या यमकाचा तोटा असा की ऐकणाऱ्याला ते आधीच कळतं, आणि विनोदी गाण्यात कानाने शब्द आधी ओळखला की हसू अर्ध्यावर येतं. म्हणून नियम केला : ज्या शब्दावर हसू हवं तो जोडीतला दुसरा असेल आणि शक्यतो क्रियापद नसेल. पहिल्या ओळीचा शेवट बिचारा हमाली करायला. ‘खूण’ हा शब्द तिथे केवळ ‘म्हणून’ची वाट मोकळी करायला उभा आहे. ‘म्हटले-मिटले’ हा अपवाद मी जाणूनबुजून ठेवला, कारण तिथे हसू ‘चोवीस तास’वर येतं आणि ‘मिटले’ नुसतं दार लावून घेतं.

बोलक्या तुकड्यांत हीच गोष्ट वेगळ्या रूपाने आडवी आली. ‘त्याचं नाव राउटर आहे’ असं वाक्य घ्या. हशा ‘राउटर’वर येतो आणि ‘आहे’ त्या हशात बुडून जातं. इतकी वर्षं मी हजारो ‘आहे’ प्रेक्षकांच्या हशात सोडून दिले असतील, कुणी हिशेब मागितला नाही. स्टुडिओत हशा नव्हता. प्रत्येक ‘आहे’ नीट, स्वच्छ ऐकू यायचा, पाहुणे गेल्यावरही दारात रेंगाळणाऱ्या दूरच्या नातेवाइकासारखा. सहाच्या सहा तुकड्यांची वाक्यं मी उलटीसुलटी करून पुन्हा लिहिली, जेणेकरून हसवणारा शब्द शेवटी पडेल. बोलीत ते चालतं. आपण घरी बोलताना क्रियापद कुठेही फेकतोच.

आता हशाबद्दल. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोक केव्हा हसतात याच्या नोंदी जमवल्या होत्या. त्याचा एक निष्कर्ष असा की एकट्या माणसापेक्षा चारचौघांत असलेला माणूस सुमारे 30 पटींनी जास्त हसतो. विनोदी अल्बम करणाऱ्याने हे वाचू नये. कारण अल्बम ऐकणारा बहुतेक वेळा एकटाच असतो, कानात बोंडं घालून. यावर जुना इलाज म्हणजे प्रेक्षकांसमोर रेकॉर्डिंग करायचं, म्हणजे एकट्याला सोबत मिळते. बॉब न्यूहार्टचा पहिला अल्बम 1960चा. त्याआधी त्याने नाइटक्लबमध्ये कधी कार्यक्रम केलेला नव्हता. रेकॉर्डिंगसाठीच तो पहिल्यांदा तिथे उभा राहिला. तो अल्बम अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत पहिला आला आणि त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. हे उदाहरण मला पाच-सहा जणांनी धीर देण्यासाठी सांगितलं. धीर आला नाही. पदार्पणात ग्रॅमी मिळवणाऱ्याची गोष्ट ऐकून कुणालाही येणार नाही.

मला जास्त उपयोगी पडला टॉम लेहरर. हा गणिताचा माणूस, पियानोवर बसून तिरकस गाणी म्हणायचा. 1953मध्ये त्याने पहिली तबकडी स्टुडिओत एका बैठकीत ध्वनिमुद्रित केली, सुरुवातीला 400 प्रती काढल्या आणि त्या स्वतः विकल्या. गंमत पुढे आहे. 1959मध्ये त्याने नव्या गाण्यांचा एकच संच दोन वेगळ्या तबकड्यांवर आणला : एक स्टुडिओतली, नुसती गाणी, दुसरी प्रेक्षकांसमोरची, प्रत्येक गाण्याआधी त्याचं बोलणं आणि लोकांचा हशा यांसकट. माझ्या आणि अरेंजरच्या भांडणाचा निकाल तिथे आधीच लावून ठेवलेला होता. मी दोन्ही ओळीने ऐकल्या. बोलणं असलेली एकदा ऐकताना जास्त मजा येते. पण एखादं गाणं पुन्हा ऐकावंसं वाटलं की स्टुडिओतल्या तबकडीकडे जावंसं वाटतं. मला या दोन तबकड्या एकीत बसवायच्या होत्या.

प्रेक्षकांसमोरचं रेकॉर्डिंग करून पाहिलं. लोक मनापासून हसले, आवाज छान आला, आणि घरी ऐकल्यावर कळलं की त्यातले कितीतरी हशे माझ्या भुवयांना होते. एका जागी मी काही न बोलता नुसती समोरच्या रांगेकडे बघत राहते. कार्यक्रमातला तो सर्वांत मोठा हशा. रेकॉर्डिंगमध्ये तिथे काय ऐकू येतं? आधी काहीच नाही, मग अचानक गडगडाट. आपल्याला न बोलावता शेजारच्या खोलीत जमलेल्या मंडळींचं हसणं ऐकल्यावर वाटतं ते वाटतं. हशामुळे सोबत मिळते हे खरं, पण त्याचं कारण ऐकणाऱ्याला कळलं तरच. नाहीतर तो एकटाच असतो, आणि आता त्याला ते माहीतही असतं.

यंत्रातला तयार हशा भरायचा प्रश्नच नव्हता. तो शोध जुना आहे. चार्ली डग्लस नावाच्या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने 1950च्या दशकात टीव्हीसाठी हशाची पेटीच बनवली होती, बटण दाबलं की हवा तसा हशा. अरेंजरने गमतीने एका तुकड्यावर तसा हशा लावून ऐकवला. मला माझ्याच विनोदाची दया आली.

शेवटी केलं ते असं. बोलके तुकडे स्टुडिओतच, पण समोर चार-पाच माणसं बसवून. त्यांना सांगितलं, हसा, पण आवाज करू नका. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात माणसं लाल झाली, एकीने ओढणी तोंडात कोंबली, एकाला मधूनच बाहेर नेऊन बसवावं लागलं. मला मात्र जे हवं होतं ते मिळालं : डोळ्यांना हशा दिसत होता, त्यामुळे थांबण्याच्या जागा खऱ्या आल्या. नंतर एडिटिंगला बसलो तेव्हा त्या जागा जवळजवळ सगळ्या छाटल्या. सभागृहातला हशा ओसरायला लागतो तेवढा थांबा कानात फार लांब वाटतो. ऐकणारा फोन बंद पडला की काय म्हणून बघायला लागतो. पण पूर्ण काढूनही चालत नाही. एका रात्री रेकॉर्डिस्टने सफाईच्या उत्साहात माझे सगळे श्वास कापून टाकले. बोलणं चकचकीत झालं आणि विनोद मेला. विनोदाआधीचा श्वास म्हणजे ‘आता बघ हं’ अशी खूण असते, ती ऐकणाऱ्याला नकळत पोचते. श्वास परत आणले. रिकाम्या स्टुडिओचा नुसता आवाज आधीच मुद्रित करून ठेवलेला असतो, तो जोडाच्या जागी भरला. नाहीतर प्रत्येक कापलेल्या ठिकाणी खड्ड्यात पाय गेल्यासारखं ऐकू येतं.

माईकचीही नव्याने ओळख करून घ्यावी लागली. स्टेजवर मी माईक ओठांना लावून बोलते. स्टुडिओतल्या माईकजवळ तितकं गेलं की आवाजाचा खर्ज फुगतो, आणि भ, फ, ठ, ख ही सगळी मंडळी हवा घेऊन येऊन आदळतात. जाळीचा पडदा मध्ये असतो, पण माझा ‘भ’ त्यालाही जुमानत नव्हता. काचेपलीकडून सूचना येत राहिली, ‘भ जरा बाजूला तोंड करून म्हणा.’ ‘भयंकर’ हा माझा लाडका शब्द. तो मी अर्धा भिंतीला म्हटलेला आहे. शिवाय सवयीने मी शेवटच्या रांगेसाठी बोलत होते. कानात बसलेल्या माणसाला शेवटची रांग नसते. त्याच्या अंगावर विनोद फेकला की तो दचकतो. एका माणसाशी बोलायचं आणि तो माणूस जवळ आहे हे लक्षात ठेवायचं, एवढं जमायला बोलक्या तुकड्यांचा निम्मा वेळ गेला.

गाण्यांच्या बाबतीत अरेंजरने माझं फार ऐकलं नाही आणि ते बरंच झालं. मला वाटत होतं, मधूनमधून गमतीदार आवाज घालावेत, घसरगुंडीसारखी शिट्टी, भोंगा वगैरे. त्याचं म्हणणं, वाद्यांनी डोळा मारायचा नाही. विरहगीत खरोखरच्या विरहगीतासारखं वाजलं पाहिजे, गंमत आहे हे वाद्यांना माहीतच नाही असं. त्याने त्यात सारंगी घेतली. सारंगीवाल्यांनी इतकं मन लावून वाजवलं की शेवटी विचारलं, ‘गेला का हो तो?’ मी म्हटलं, ‘बदलावा लागला.’

पट्टीचा प्रश्न असाच सुटला. काळी चारमध्ये माझा वरचा सूर चमकायचा आणि शब्द मात्र विरघळून जायचे. काळी दोनला उतरलो. आवाज साधा झाला, पण प्रत्येक अक्षर कळायला लागलं. हसवणाऱ्या शब्दावर हरकत, मुरकी काहीही घ्यायची नाही, एका सुरावर एक अक्षर, हा त्याचा दुसरा हट्ट. लयही थोडी खाली आणली. मिनिटाला 108 ठोक्यांवर गाणं पळायचं छान, पण कानाला विनोद समजायला वेळच मिळत नव्हता. 92वर आल्यावर ओळ संपल्यानंतर एक-दोन मात्रांची जागा राहिली, आणि ती जागा तालाने भरलेली असते. बोलताना थांबलं की शांतता होते, गाताना थांबलं की ठेका चालू राहतो. मला हवं असलेलं पुढे सगळं यातूनच निघालं.

कारण अल्बममधला माझा सर्वांत आवडता तुकडा ना गाणं आहे ना भाषण. फोनवर ताटकळत ठेवल्यावर जी धून ऐकू येते, तशी एक धून अरेंजरने बांधली, अगदी निरागस आणि न संपणारी. त्यावर मी बोलते. फोन उचलला जाईल म्हणून वाट बघणारी बाई, सुरुवातीला तक्रार पाठ करतेय, मग धुनेवर गुणगुणतेय, मग तिला शब्द सुचायला लागतात. मधूनमधून यंत्रातला आवाज येतो, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. तोही माझाच, जरा इस्त्री केलेला. मिनिटाला 96 ठोके, म्हणजे चार मात्रांचं आवर्तन अडीच सेकंदांचं, आणि चार आवर्तनं झाली की दहा सेकंद. दर चाळीस सेकंदांनी यंत्र बोलणार हे ठरलेलं. मग माझी वाक्यं त्यात बसवली, अशी की मी महत्त्वाचं काही सांगायला लागले की नेमका तो आवाज मध्ये पडावा. पहिल्यांदा ऐकताना व्यत्ययाची गंमत येते. पुढच्या वेळी ऐकणारा तो व्यत्यय कधी येणार हे मोजायला लागतो, आणि ती मोजणी हीच गंमत होते. शेवटी माणूस फोन उचलतो, तेव्हा बाईचं गाणं रंगात आलेलं असतं आणि ती म्हणते, ‘एक मिनिट, होल्ड करा.’ ही ओळ लिहिली तेव्हा झिजणारं आणि मुरणारं एकत्र कसं बसतं याचा अंदाज आला. ठेका असेल तर विनोदाला परत येण्याचं निमित्त मिळतं.

क्रम लावणं हे मिक्सिंगइतकंच मोठं काम निघालं. आधी बोलणं, मग त्याचं गाणं अशी जोडी लावावी असं सहज वाटतं. सहा जोड्या झाल्या असत्या तर ऐकणाऱ्याला तिसऱ्यानंतर नमुना कळला असता. म्हणून दोन ठिकाणी बोलण्यामागून बोलणंच, एका ठिकाणी तीन गाणी सलग. गाण्याची प्रस्तावना वेगळ्या ट्रॅकवर ठेवायची की गाण्यातच, हेही ठरवावं लागलं. ज्या बोलण्यात स्वतंत्र विनोद आहे ते वेगळं ठेवलं, म्हणजे परत ऐकणारा थेट गाण्यावर जाऊ शकतो. ज्याच्यावाचून गाण्याचा अर्थ लागत नाही ते गाण्याच्या पोटात. एका जागी बोलण्यातला शेवटचा शब्द पुढच्या गाण्याच्या समेवर पडतो. ती सम दोन ट्रॅकच्या सांध्यावर आहे, आणि एमपीथ्री करताना फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता चिकटते, हे ज्ञान तेव्हा झालं. काही प्लेअर ती गाळून वाजवतात, काही नाही. एवढीशी शांतता, पण सम घसरते. शेवटी ट्रॅकची खूण एक आवर्तन पुढे सरकवली, म्हणजे सम आधीच्याच फाइलमध्ये राहिली.

आवाजाच्या पातळीवरून मास्टरिंगवाल्याशी, म्हणजे तयार रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवणाऱ्याशी, बरीच ओढाताण झाली. स्ट्रीमिंगवर सगळ्या ट्रॅकचा आवाज एका पातळीला आणतात. स्पॉटिफायवर ती उणे 14 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो, त्याचं हे माप). पूर्ण अल्बम ओळीने ऐकला तर सगळ्या अल्बमला मिळून एकच माप लावतात, त्यामुळे हळू बोलणं हळूच राहतं. पण एखादा ट्रॅक सुटा काढून कुणाच्या यादीत गेला की त्याचं माप वेगळं, आणि माझी कुजबुज सारंगीच्या बरोबरीने उभी राहते. मी कुजबुज वाढवायला तयार नव्हते, तो गाणं खाली घ्यायला तयार नव्हता. शेवटी दोघांनी थोडं थोडं सोडलं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्याशिवाय ते ‘ऐकलं’ म्हणून मोजत नाहीत. माझ्याकडे वीस सेकंदांचा एक तुकडा होता, नुसता एक प्रश्न आणि एक उत्तर, अल्बममधला सगळ्यात नेटका विनोद. कायम शून्यावर राहणार हे माहीत असून ठेवला. लांबवून चाळीस सेकंदांचा केला असता तर पैसे मोजले गेले असते आणि विनोद गेला असता.

कागदपत्रांत गाण्यांचं काही अडलं नाही. शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुणाचं, हे रकाने पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. बोलक्या तुकड्याला मात्र ‘संगीतकार’ हा रकाना रिकामा सोडता येईना. चार मिनिटं नुसतं बोलणाऱ्या ट्रॅकची संगीतकार म्हणून माझं नाव गेलेलं आहे. माझ्या गानगुरूंनी ते पाहू नये. ही गोष्ट वरवर फॉर्मची वाटली तरी मुळात पैशाची आहे. गाण्यात लिहिणाऱ्याचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळे धरतात आणि दोघांचे पैसे वेगळे निघतात. बोललेल्या विनोदात लिहिणाऱ्याचा वाटा वेगळा धरावा की नाही यावरून 2021मध्ये अमेरिकेत वाद होऊन स्पॉटिफायवरून कितीतरी विनोदी कलाकारांची रेकॉर्डिंग्ज उतरवली गेली होती. विनोद हे लेखन आहे, तो तोंडातून आपोआप गळत नाही, हे अजून पटवावं लागतं. मी माझ्या करारांत बोलक्या तुकड्यांची संहिता वेगळी, नावानिशी नोंदवून घेतली. अरेंजर म्हणाला, एवढं कशाला. त्याच्या चालींची नोंद त्याने पहिल्याच दिवशी करून घेतली होती.

अल्बम आला. आकड्यांत सांगायचं तर लोक बोलके तुकडे एकदा ऐकतात आणि गाणी परत परत. वीस सेकंदांचा तुकडा अपेक्षेप्रमाणे शून्यावर आहे. होल्डवाला मात्र दोन गाण्यांच्या वर गेला, आणि त्यावर अरेंजरचं म्हणणं असं की तो मुळात गाणंच आहे, म्हणजे आता आठ विरुद्ध पाच.

कार्यक्रमात काय बदल झाला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गेल्या महिन्यात ‘चोवीस तास’ सुरू केलं तर पहिल्या ओळीलाच अर्धी खोली हसली. पासवर्डचं त्यांना आधीच माहीत होतं. दुसऱ्या कडव्यात ‘दुबळा’ लोकांनीच म्हटलं, माझ्याआधी आणि माझ्याहून वरच्या पट्टीत. जुना विनोद पुन्हा सांगा, अशी फर्माईश मला इतक्या वर्षांत कुणी केली नव्हती. त्या रात्री तीन जणांनी केली. ज्यांनी अल्बम ऐकलेला नाही, तेही समोर असतातच, आणि ते या हसणाऱ्यांकडे वळून बघतात. त्यांच्यासाठी मी गाण्याआधी चार मिनिटांचं नवं बोलणं लिहितेय, ज्यात विरहाचं काहीच नाही. ते अजून बसलेलं नाही. शेवटचं वाक्य पुन्हा ‘आहे’वर संपतंय.